राउटर घेण्याआधी डबा उलटा करून पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात थ्री बीएचके फ्लॅट, ३०० एमबीपीएसची फायबर लाइन, आणि कंपनीने दिलेल्या राउटरच्या सॉफ्टवेअरचा कंटाळा आलेला. नवा राउटर घेऊन त्यावर ओपनडब्ल्यूआरटी, म्हणजे राउटरसाठीचं मोफत, लिनक्सवर आधारलेलं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) टाकायचं आहे. जाहिराती राउटरवरच अडवायच्या, कॅमेरे आणि टीव्ही वेगळ्या नेटवर्कवर ढकलायचे, आणि बाहेरगावी असताना घरच्या एनव्हीआरला (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणाऱ्या डब्याला) सुरक्षितपणे जोडता यायला हवं. बजेट सहा हजारांच्या आसपास. शेवटी विचारलंय, "दुकानात एसी १२०० लिहिलेले बरेच दिसतात, त्यातला कुठलाही चालेल ना?"

नाही चालणार. आणि खरं सांगायचं तर कंपनीचं नाव, मॉडेलचं नाव, अँटेना चार की सहा, यातल्या कशावरूनच हा निर्णय होत नाही. तुम्ही राउटर विकत घेत नाही, आतली चिप आणि तिच्याशेजारची मेमरी विकत घेता, असं समजून चाला. घाई असेल तर उत्तर एवढंच: मीडियाटेकची चिप, सगळे पोर्ट गिगाबिट, किमान २५६ एमबी रॅम, १२८ एमबी फ्लॅश (फर्मवेअर साठवायची कायमची जागा), आणि फर्मवेअर बिघडलं तर परत यायची वाट माहीत असलेलं मॉडेल. पुढचं सगळं या ओळीमागची कारणं आहेत, आणि ती कळली नाहीत तर ही ओळ हातात असूनही चुकीचा डबा घरी येतो.

मॉडेलच्या नावापासूनच सुरू करू, कारण सर्वात जास्त पैसे तिथेच वाया जातात. हा सगळा प्रकार जिथून सुरू झाला तो राउटर म्हणजे लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी ५४ जी, २००२ च्या शेवटी बाजारात आलेला. त्यात लिनक्स आहे हे लोकांच्या लक्षात आलं, लिनक्सच्या जीपीएल परवान्याप्रमाणे सोर्स कोड द्या अशी मागणी झाली आणि २००३ मध्ये कंपनीला तो द्यावा लागला. त्यावरच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं. नावातले ते डब्ल्यूआरटी तिथून आलेले. पण पुढे काय झालं बघा. त्याच राउटरच्या चौथ्या आवृत्तीपर्यंत आत ४ एमबी फ्लॅश आणि १६ एमबी रॅम होती. २००५ मध्ये पाचवी आवृत्ती आली, तिच्यात २ एमबी आणि ८ एमबी, वर लिनक्स काढून व्हीएक्सवर्क्स ही बंद प्रणाली घातलेली. खोका तोच, निळा-काळा रंग तोच, नाव तेच. ज्यांना लिनक्सवाला हवा होता त्यांच्यासाठी कंपनीने डब्ल्यूआरटी ५४ जीएल असा वेगळा काढला, म्हणजे मुळात चौथी आवृत्तीच, नव्या नावाने.

आपल्याकडच्या घराघरांत दिसलेला टीपी-लिंकचा डब्ल्यूआर ८४१ एन घ्या. त्याच्या तेराव्या आवृत्तीत ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅम. चौदावीत ४ आणि ३२. नंतरची म्हणून चांगली असेल असं गृहीत धरलंत तर फसलात. आर्चर सी ६ च्या दुसऱ्या आवृत्तीत क्वालकॉमची चिप आहे, तिसरीत मीडियाटेकची; एकीचं फर्मवेअर दुसरीवर चालायचा प्रश्नच नाही. आर्चर सी ७ हा या जगातला लाडका राउटर, पण त्याच्या पहिल्या आवृत्तीतल्या ५ गीगाहर्ट्झच्या रेडिओला ड्रायव्हरच नाही. दुसरीपासून सगळं सुरळीत. सेकंड हँड विकणारा माणूस जाहिरातीत फक्त 'सी ७, उत्तम स्थितीत' एवढंच लिहितो.

म्हणून दुकानात डबा उलटा करायचा. लॅमिंग्टन रोड असो की बुधवार पेठ, संवाद ठरलेला असतो.

"दादा, याची आवृत्ती कुठली आहे?"

"साहेब, लेटेस्टच आहे, कालच माल आलाय."

"लेबल बघू का जरा?"

"आत सगळं सेमच असतं हो."

सेम नसतं. खोक्याच्या बाजूच्या स्टिकरवर, नाहीतर राउटरच्या पोटाखालच्या लेबलवर, मॉडेलच्या नावापुढे बारीक अक्षरात 'व्ही' किंवा 'व्हर' आणि एक आकडा असतो: ३.०, ३.२०, ४.०. टीपी-लिंकच्या लेबलवर तो सीरियल नंबरच्या आसपास सापडतो. बऱ्याच कंपन्या देशाचा कोडही छापतात, ईयू, यूएस, आयएन असा. तो आकडा आणि तो कोड मोबाइलमध्ये फोटो काढून घ्या आणि दुकानातच उभं राहून ओपनडब्ल्यूआरटीच्या हार्डवेअर तक्त्यात शोधा. नाव, आवृत्ती, प्रदेश तिन्ही जुळले तर पैसे काढा. दोन जुळले आणि तिसरं 'साधारण तसंच' असेल तर खोका परत द्या. दुकानदार वैतागतो, वैतागू दे. ऑनलाइन घेताना हे करता येत नाही, कारण वेबसाइटवरचं चित्र पहिल्या आवृत्तीचं आणि गोदामातला माल चौथीचा. तिथे परत पाठवायची सोय नक्की आहे का ते आधी पाहायचं, आणि डबा आल्यावर सील फोडण्याआधी बाहेरचं स्टिकर वाचायचं.

एक बारीक गोष्ट: तक्त्यात नाव असणं म्हणजे चालतंच असं नाही. त्या ओळीत कुठल्या प्रकाशनापासून आधार आहे आणि सध्याच्या प्रकाशनात आहे का, हे वेगवेगळ्या रकान्यांत असतं. कोणाचा तरी स्वतः बांधलेला प्रयोग असेल तर तो पहिल्यांदा हात घालणाऱ्याने घेऊ नये. माझी कसोटी सोपी आहे. ओपनडब्ल्यूआरटीच्या फर्मवेअर निवडायच्या पानावर शोध आहे ना, त्यात मॉडेल आवृत्तीसकट टाइप केलं आणि सध्याच्या स्थिर प्रकाशनाची फाइल समोर आली, तरच तो राउटर माझ्या यादीत येतो.

आता चिप. इथे मी थोडा एककल्ली आहे हे आधीच सांगतो.

ब्रॉडकॉमची चिप असेल तर ओपनडब्ल्यूआरटीसाठी तो राउटर नाही, विषय संपला. कंपनी वायरलेस ड्रायव्हर उघडे करत नाही. बाहेरच्या लोकांनी चिपचं वागणं उलगडून लिहिलेले ड्रायव्हर जुन्या पिढीपुरते ठीक आहेत, नव्या वायफायला उपयोगाचे नाहीत. राउटर सुरू होतो, तारेवर इंटरनेट मिळतं आणि वायफाय नाही किंवा अर्धं. टीपी-लिंकचा आर्चर एएक्स १० याच कारणाने बाद, आणि शेजारच्याच खोक्यातला एएक्स २३ मात्र चालतो, कारण त्यात मीडियाटेक आहे. नावांवरून कोणाला कळणार? ब्रॉडकॉमवाला राउटर आधीच घरात असेल तर डीडी-डब्ल्यूआरटी किंवा फ्रेशटोमॅटो ही दुसरी फर्मवेअर बघा. आसूसचा असेल तर मर्लिन. ते मूळ कंपनीच्याच फर्मवेअरवर बसवलेलं असल्याने वायफायचा वेग आणि हार्डवेअरची मदत दोन्ही शाबूत राहतात. ज्यांना थोड्याच जादा सोयी हव्यात आणि रात्री जागायची हौस नाही, त्यांच्यासाठी मर्लिन हा अगदी शहाणपणाचा पर्याय आहे. फक्त त्याची मुदत कंपनीच्या हातात असते. मूळ कोड यायचा थांबला की तेही थांबतं.

क्वालकॉमचं प्रकरण पिढीनुसार बदलतं. जुन्या ८०२.११ एन वायफायच्या काळातला एथ ९ के ड्रायव्हर अप्रतिम, पूर्ण उघडा, अजूनही दगडासारखा टिकून. त्यानंतरच्या पिढ्यांत रेडिओच्या आत बंद फर्मवेअर असतं. चालतं, पण काही बिघडलं तर दुरुस्ती कोणाच्याच हातात नाही. शिवाय क्वालकॉमच्या ताकदवान राउटरमध्ये पॅकेट ढकलणारे वेगळे कोअर असतात, आणि त्यांचा वापर मूळ ओपनडब्ल्यूआरटीत होत नाही. म्हणजे खोक्यावरचा वेग कंपनीच्या फर्मवेअरवर मिळतो, तुमच्या ओपनडब्ल्यूआरटीवर मिळेलच असं नाही.

मीडियाटेकच्या बाजूने माझा कल आहे तो एमटी ७६ या ड्रायव्हरमुळे. तो फेलिक्स फिटकाऊ यांनी लिहिला, जे ओपनडब्ल्यूआरटीच्या मुख्य विकासकांपैकी आहेत. ज्याने घर बांधलं त्यानेच नळ जोडले, तर गळती कमी होते. २०२४ च्या अखेरीस प्रकल्पाने स्वतःच्या नावाचा ओपनडब्ल्यूआरटी वन काढला, बनाना पायने बनवलेला, तेव्हा त्यातही मीडियाटेकचीच एमटी ७९८१ बी चिप निवडली. यापेक्षा स्पष्ट शिफारस कुठे मिळायची?

या घराण्यात तीन आकडे लक्षात ठेवा. एमटी ७६२१ ही जुनी पण कष्टाळू, ८८० मेगाहर्ट्झची, दोन कोअरची. एमटी ७९८१ ही १.३ गीगाहर्ट्झचे दोन आर्म कोअर असलेली. आणि एमटी ७९८६, चार कोअर, २ गीगाहर्ट्झ. तुमच्या कामाला मधली पुरेशी.

मेमरीबद्दल लोक पोटतिडकीने विचारतात आणि मग फक्त रॅम बघतात. तुमच्या बाबतीत फ्लॅश जास्त महत्त्वाची आहे, आणि त्याचं कारण तुमच्या शेवटच्या मागणीत दडलंय. बाहेरून घरच्या एनव्हीआरला जोडायचं म्हणजे घराला बाहेरून दिसणारा पत्ता हवा. आपल्याकडे जिओसारख्या जोडणीवर आयपीव्ही ४ चा पत्ता शेकडो ग्राहकांत मिळून वापरला जातो, सीजीनॅट म्हणतात त्याला. राउटरवर वायरगार्डचा (बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये शिरायचा सुरक्षित बोगदा, म्हणजे व्हीपीएन) सर्व्हर कितीही नीट मांडला तरी बाहेरून त्या पत्त्यावर हाक मारली की ती तुमच्यापर्यंत येतच नाही. मग वाटा दोन. एकतर आयपीव्ही ६ वरून जोडायचं, पण तुम्ही बसलात त्या हॉटेलात किंवा ऑफिसात आयपीव्ही ६ असेल याची खात्री नाही. दुसरी वाट टेलस्केलसारखी सेवा, जी दोन्ही टोकांकडून बाहेर पडून मध्ये भेट घालून देते. टेलस्केल राउटरवर बसवायला गेलात की कळतं, त्या एका प्रोग्रामचाच आकार १६ एमबीच्या फ्लॅशमध्ये मावणारा नाही. अ‍ॅडगार्ड होम या जाहिराती अडवणाऱ्या प्रोग्रामचंही तेच. म्हणजे सीजीनॅटची अडचण फिरून फिरून फ्लॅशच्या आकारावर येऊन थांबली.

म्हणून १२८ एमबी नँड फ्लॅश म्हणतो. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमवाल्या राउटरांचा अधिकृत आधार १९.०७ या प्रकाशनानंतर संपला. २१.०२ पासून किमान ८ आणि ६४ लागतात, आणि हे 'किमान' म्हणजे सुरू होण्यापुरतं. १६ आणि १२८ मध्ये साधं ओपनडब्ल्यूआरटी, जाहिरात अडवणारं हलकं पॅकेज, गेस्ट नेटवर्क, वायरगार्ड असं सगळं सुखाने राहतं. एएक्स २३ याच मापात बसतो. टेलस्केल नको असेल, किंवा ते घरातल्या एखाद्या जुन्या पीसीवर चालवायची तयारी असेल, तर तेवढाही पुरतो. यूएसबी पोर्ट असेल तर पेनड्राइव्ह लावून जागा वाढवता येते. येते खरी, पण पेनड्राइव्हवर घराचं इंटरनेट अवलंबून ठेवायला माझं मन धजत नाही.

वेगाचं गणित करताना आधी पोर्ट बघा. खोक्यावरचा 'एसी १२००' म्हणजे २.४ गीगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गीगाहर्ट्झचे ८६७ यांची बेरीज, वर गोल केलेली. त्याचा मागच्या तारेच्या पोर्टशी काही संबंध नाही. आर्चर सी ५० सारख्या राउटरवर एसी १२०० लिहिलेलं असतं आणि पोर्ट मात्र १०० एमबीपीएसचे. तुमची ३०० ची लाइन त्यातून ९४-९५ वर अडकेल, फर्मवेअर कुठलंही टाका. तुमच्या मूळ प्रश्नाला 'नाही' म्हणालो ते मुख्यतः यासाठी.

पोर्ट गिगाबिट असले की मग प्रोसेसर. नुसती पॅकेट इकडून तिकडे करायची असतील तर एमटी ७६२१ सुद्धा हार्डवेअर ऑफलोड चालू करून गिगाबिटच्या जवळ जातो. पण लोक कस्टम फर्मवेअर टाकतात ते एसक्यूएमसाठी, म्हणजे कोणी मोठी फाइल चढवत असताना दुसऱ्याच्या व्हिडिओ कॉलची बोंब होऊ नये म्हणून. एसक्यूएम आणि हार्डवेअर ऑफलोड एकत्र नांदत नाहीत. ऑफलोडमध्ये पॅकेट कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, वळसा घालून जातं, मग रांग लावणार कोण? एसक्यूएम चालू केलं की सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि एमटी ७६२१ साधारण तुमच्याच वेगाच्या आसपास दमतो. वर पीपीपीओई (नाव-पासवर्ड देऊन लाइन जोडायची पद्धत) असेल तर अजून थोडं ओझं. एमटी ७९८१ ला ३०० एमबीपीएस हा खेळ आहे. वायरगार्डचंही असंच. जुन्या चिपवर ते कामापुरतं पळतं, नव्यावर लाइनच्या वेगाने. ओपनव्हीपीएनचा आग्रह असेल तर तो स्वस्त राउटरवर धरू नका.

अँटेनांबद्दल एकच वाक्य: सहा अँटेनांचा राउटर आरसीसीच्या भिंतीपलीकडे दोन अँटेनावाल्यापेक्षा फार लांब जात नाही. कस्टम फर्मवेअर टाकून सिग्नलची ताकद वाढवता येते हा गैरसमजही इथेच मिटवू. ताकदीची मर्यादा देशाच्या नियमांवरून आणि त्या बोर्डाच्या मोजमापावरून ठरते. देशाचा कोड भारताचा ठेवा. ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने ५ गीगाहर्ट्झमध्ये ५१५० पासून ५८७५ मेगाहर्ट्झपर्यंतचा बराचसा पट्टा आपल्याकडे विनापरवाना खुला झाला आहे, तेवढे चॅनेल घरात पुष्कळ होतात. थ्री बीएचकेत शेवटच्या खोलीत पोचत नसेल तर मोठा राउटर घेण्याऐवजी मधल्या पॅसेजपर्यंत केबल ओढा आणि तिथे दुसरा छोटा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून लावा. दोघांवर ओपनडब्ल्यूआरटी, एकच नाव, एकच पासवर्ड. हा खर्च कुठल्याही महागड्या 'गेमिंग' राउटरपेक्षा कामाला येतो.

आता परतीची वाट. नवीन माणूस हे शेवटी बघतो, मी सर्वात आधी बघतो.

फर्मवेअर टाकताना राउटर 'ब्रिक' होणं म्हणजे बहुतेक वेळा नुसता कर्नल किंवा फाइल सिस्टिम बिघडणं. बूटलोडर, म्हणजे सुरुवातीला चालणारा छोटा प्रोग्राम, जिवंत असतो. तो जिवंत आहे तोवर राउटर जिवंत आहे, प्रश्न एवढाच की त्याच्याशी बोलायची सोय निर्मात्याने ठेवली आहे का. काहींनी फार चांगली ठेवली आहे. जीएल-आयनेटच्या राउटरमध्ये रिसेट दाबून धरून वीज चालू केली की बूटलोडर स्वतःच १९२.१६८.१.१ वर एक वेबपेज उघडून देतो, लॅपटॉपला १९२.१६८.१.२ हा पत्ता हाताने द्यायचा, ब्राउझरमधून फाइल चढवायची, झालं. डी-लिंकच्या बऱ्याच मॉडेलांतही असं संकटकाळचं पान असतं. ओपनडब्ल्यूआरटी वनमध्ये तर दोन वेगळ्या फ्लॅश आहेत आणि बाहेरच्या बाजूला एक खटका. मुख्य फ्लॅशची वाट लागली तर खटका सरकवून दुसरीवरून सुरू करायचं.

टीपी-लिंकच्या आर्चर सी ७ सारख्यांत टीएफटीपी, म्हणजे तारेवरून फाइल पाठवायची एक साधी पद्धत, लागते. ते एकदा जवळून पाहा म्हणजे भीती जाते. लॅपटॉपच्या तारेच्या पोर्टला १९२.१६८.०.६६ हा पत्ता द्यायचा. टीएफटीपीचा सर्व्हर चालू करून त्याच्या फोल्डरमध्ये फर्मवेअरची फाइल ठेवायची, आणि तिचं नाव त्या मॉडेलसाठी ठरलेलं असतं तेच ठेवायचं, एक अक्षरही इकडेतिकडे नको. राउटर बंद. रिसेटचं बटन दाबून धरायचं, वीज चालू करायची, डब्ल्यूपीएसचा दिवा लागेपर्यंत बोट काढायचं नाही. बूटलोडर उठतो, त्या पत्त्यावर त्या नावाची फाइल मागतो, घेतो, लिहितो आणि राउटर पुन्हा सुरू होतो. तरी होत नसेल तर दहातल्या नऊ वेळा दोनपैकी एक कारण असतं. विंडोजच्या फायरवॉलने टीएफटीपी अडवलेलं असतं. किंवा राउटर सुरू होताना तारेची जोडणी क्षणभर तुटते, लॅपटॉपला पोर्ट परत उठवायला वेळ लागतो आणि तोवर बूटलोडर वाट पाहून पुढे निघून जातो. दुसऱ्यावर इलाज म्हणजे मध्ये एक साधा स्वस्तातला स्विच. लॅपटॉपची जोडणी स्विचशी कायम राहते, राउटर कितीही उठबस करो. हल्लीच्या पातळ लॅपटॉपांना तारेचं पोर्टच नसतं, तेव्हा यूएसबीला लावायचा लॅन अडॅप्टरही आधीच आणून ठेवा. ओपनडब्ल्यूआरटी पहिल्यांदा सुरू होतं तेव्हा वायफाय बहुधा बंद असतं, त्यामुळे तारेवाचून तुम्ही आत शिरूच शकत नाही.

सगळ्यात शेवटची वाट म्हणजे डबा उघडून सीरियल कन्सोल, म्हणजे बोर्डाशी तारांनी थेट बोलायची सोय. बोर्डावर चार भोकं ओळीत दिसतात. ३.३ व्होल्टचा यूएसबी-सीरियल अडॅप्टर, जमीन (ग्राउंड), पाठवणारी आणि घेणारी अशा तीनच तारा जोडायच्या, विजेची चौथी मोकळी सोडायची. सोल्डरिंगची सवय असेल तर बरं. नसेल तर ज्या मॉडेलला हीच एक वाट आहे ते घेऊच नका.

काही शाओमी राउटरांवर तर आत शिरायलाच कंपनीच्या फर्मवेअरमधल्या एखाद्या भगदाडाचा उपयोग करावा लागतो. ४ ए गिगाबिट हा त्यातला प्रसिद्ध. स्वस्त आहे, चिप चांगली, १६ आणि १२८ ची मेमरी. पण कंपनीने पुढच्या अपडेटमध्ये ते भगदाड बुजवलं तर बाहेर राहिलात. २०१५-१६ मध्ये अमेरिकेतही असाच पेच झाला होता. एफसीसीच्या, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाच्या, रेडिओच्या नियमांमुळे टीपी-लिंकने तिथल्या राउटरांचं फर्मवेअर कुलूपबंद केलं, आणि ऑगस्ट २०१६ च्या तडजोडीत दोन लाख डॉलर भरताना बाहेरच्या फर्मवेअरवाल्यांना सहकार्य करायचंही त्यांच्याकडून कबूल करून घेतलं गेलं. मुद्दा असा की दार उघडं ठेवायचं की नाही हे कंपनी ठरवते. म्हणून ज्या कंपन्या स्वतःहून दार उघडं ठेवतात त्यांना दोन पैसे जास्त द्यायला माझी हरकत नसते.

एक काम मात्र फर्मवेअर बदलल्यावर पहिल्याच तासात करा, बाकी काही केलं नाही तरी. फ्लॅशमध्ये 'फॅक्टरी' किंवा 'एआरटी' नावाचा छोटासा भाग असतो. त्यात त्या एका राउटरच्या रेडिओचं मोजमाप आणि मॅक पत्ते असतात, प्रत्येक नगाचे वेगळे. तो पुसला गेला तर इंटरनेटवर कुठेही मिळत नाही, आणि दुसऱ्याचा आणून घातला तर वायफाय लंगडतं. लूसीमध्ये, म्हणजे ओपनडब्ल्यूआरटीच्या ब्राउझरमधून उघडणाऱ्या पानांत, बॅकअपच्या पानावर एमटीडी ब्लॉक जतन करायची सोय आहे. तो भाग उतरवून घ्या, स्वतःला मेल करून ठेवा.

कंपनीच्या डब्याबद्दलही सांगायला हवं. फायबरवर जो डबा मिळतो, ओएनटी, त्यावर ओपनडब्ल्यूआरटी टाकायचा विचार सोडून द्या. लोकल केबलवाला किंवा बीएसएनएल असेल तर विनंती करून तो ब्रिज मोडवर टाकून घेता येतो; पीपीपीओईचं नाव आणि पासवर्ड मागून घ्या, व्हीलॅनचा (एकाच तारेवर वेगळी नेटवर्क ठेवायची पद्धत) आकडा असेल तर तोही, आणि जोडणी तुमच्या राउटरवरून करा. जिओचा डबा तसाच ठेवून त्याच्या मागे आपला लावणं हाच व्यवहार्य मार्ग. तेव्हा त्या डब्याचं वायफाय बंद करा. आयपीव्ही ६ आतपर्यंत येत नसेल तर ओपनडब्ल्यूआरटीत रिले मोड आहे, तो वापरा. आणि एक ठेच जवळजवळ प्रत्येकाला लागते: ओपनडब्ल्यूआरटीचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१, आणि कित्येक कंपन्यांच्या डब्यांचाही तोच. दोन्हीकडे एकच पत्तामालिका आली की राउटरला बाहेर कुठलं आणि आत कुठलं तेच कळत नाही, इंटरनेट येत नाही आणि माणूस फर्मवेअरला शिव्या घालत बसतो. तार जोडण्याआधी आतला पत्ता बदलून १९२.१६८.१०.१ करून टाका. जिओच्या डब्यावर १९२.१६८.२९.१ असतो, तिथे हा गोंधळ होत नाही.

मग नेमका कुठला? तुमच्या मागण्यांना माझी पहिली पसंती एमटी ७९८१ वर चालणाऱ्या राउटरांना. जीएल-आयनेटचा बेरिल एएक्स, म्हणजे एमटी ३०००, यात ५१२ एमबी रॅम, २५६ एमबी फ्लॅश, २.५ गिगाबिटचं वॅन (बाहेरच्या लाइनचं पोर्ट) आणि वर सांगितलेली वेबपेजची सोय. येतानाच ओपनडब्ल्यूआरटीवर आधारलेलं फर्मवेअर घेऊन येतो, हवं तर शुद्ध ओपनडब्ल्यूआरटी टाका. उणीव एकच, आतलं पोर्ट एकच आहे. एनव्हीआर, टीव्ही आणि पीसी तारेवर हवे असतील तर स्विच घ्यावा लागेल, आणि कॅमेरे वेगळे ठेवायचे तर तो व्हीलॅन समजणारा घ्या. बजेट थोडं ताणलं जाईल. कुडीचा डब्ल्यूआर ३००० त्याच चिपवर, जास्त पोर्टांचा. कंपनी स्वतःच्याच संकेतस्थळावर ओपनडब्ल्यूआरटीत शिरायची मधली फाइल देते, ही मोठी गोष्ट. पण सावध: साध्या डब्ल्यूआर ३००० च्या पहिल्या आवृत्तीत फ्लॅश १६ एमबीच आहे, आणि नावाला एखादं अक्षर जोडलेल्या काही भावंडांत १२८. पुन्हा डबा उलटा करणं आलंच. बजेटच्या आत राहायचं आणि बाजारात सहज मिळणारं हवं तर आसूसचा आरटी-एएक्स ५३ यू: चिप जुनी एमटी ७६२१, पण रॅम २५६, फ्लॅश १२८, वायफाय ६. एसक्यूएम तुमच्या वेगाला काठावर चालेल, बाकी सगळं होईल.

जीएल-आयनेटचा फ्लिंट २ सर्वांत दणकट, पण तुमच्या बजेटच्या आणि गरजेच्या दोन्हीच्या बाहेर. ५०० एमबीपीएसच्या वर लाइन गेली की बोलू. सेकंड हँड आर्चर सी ७ स्वस्तात मिळाला तर तो पॅसेजमधला अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून घ्या, मुख्य राउटर म्हणून नको. एसक्यूएम चालू केलं की त्याचा प्रोसेसर ३०० ला पुरणार नाही.

पैसे देण्याआधी विजेचं एक बघून घ्या. आपल्याकडे राउटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावायची पद्धत आहे, लाइट गेली तरी वायफाय चालू राहावं म्हणून. साधारण २ अँपिअरपर्यंतचे राउटर त्यावर चालतात. फ्लिंट २ ला १२ व्होल्ट ४ अँपिअरचा अडॅप्टर येतो, तो या छोट्या यूपीएसला झेपत नाही. बेरिल एएक्स उलट यूएसबी-सी वर ५ व्होल्ट ३ अँपिअर घेतो, म्हणजे घरचा १२ व्होल्टवाला यूपीएस तसाच त्याला लागणार नाही. ५ व्होल्टचा वेगळा बघावा लागेल. अडॅप्टरवरचे व्होल्ट जुळले पाहिजेत, आणि यूपीएसचे अँपिअर तेवढे किंवा जास्त हवेत. आणि फर्मवेअर चढवताना राउटर या यूपीएसवरच ठेवा. फाइल लिहिली जात असताना लाइट गेली तर वर लिहिलेलं टीएफटीपीचं सगळं प्रकरण त्याच संध्याकाळी करावं लागेल.

वॉरंटीचं म्हणाल तर बाहेरचं फर्मवेअर घातलेला राउटर सर्व्हिस सेंटरला बहुधा चालत नाही. म्हणून आधी आठ-दहा दिवस कंपनीच्याच फर्मवेअरवर चालवून बघा, पोर्ट, दोन्ही रेडिओ, तापणं सगळं तपासा. हार्डवेअरमध्ये खोट असेल तर ती याच दिवसांत दिसते आणि बदलून मिळते. मूळ फर्मवेअरची तुमच्या आवृत्तीची फाइलही कंपनीच्या संकेतस्थळावरून आत्ताच उतरवून ठेवा. जुनी मॉडेलं बंद झाली की त्या फाइली तिथून हळूच नाहीशा होतात.